भाता, पत्रा आणि जाळी : उद्यमबागेतल्या मिलिंग मशीनच्या कव्हरांची गोष्ट



आपल्या बेळगावची आठवण निघाली की कुंदा येतो, मांडे येतात, शहापूरची साडी येते, आणि सीमाप्रश्न तर येतोच येतो. उद्यमबागेवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. टिळकवाडी, अनगोळ, मजगाव, पिरनवाडी इथल्या कितीतरी मराठी घरांची चूल दोन-तीन पिढ्या त्याच शेडांवर पेटली. कुणी फौंड्रीत साचे भरले, कुणी लेथवर उभं राहिलं, कुणी क्रँकशाफ्ट घासले. सणासुदीला नातेवाईक जमले की 'सूत' आणि 'थाऊ' हे शब्द जेवणाच्या पंगतीत ऐकू यायचे. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. नव्या पिढीसाठी सांगितलं.)

आज त्या जगातली एक लहानशी वस्तू घेतो. मिलिंग मशीनच्या हलणाऱ्या भागांवर बसवतात ती कव्हरं. म्हणाल, ह्यात इतिहास कसला? पण त्या पत्र्याच्या आणि रेक्झिनच्या तुकड्यांकडं नीट बघितलं तर एक प्रश्न समोर येतो. ह्यातलं मशीनला वाचवायला काय लावलं, आणि माणसाला वाचवायला काय? आणि दोन्हीतलं आधी कुठलं लागलं?

मिलिंग म्हणजे काय, थोडक्यात

घरातल्या ज्यांनी शेड आतून बघितली नाही त्यांच्यासाठी. लेथमध्ये काम, म्हणजे जॉब, गरगर फिरतो आणि हत्यार त्याला टेकतं. मिलिंगमध्ये उलटं. दात असलेला कटर फिरतो, आणि जॉब टेबलावर घट्ट बांधून त्या कटरखालून सरकवतात. टेबल तीन दिशांना हलतं : डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली. प्रत्येक दिशेसाठी एक घासून सपाट केलेली सरकती वाट, म्हणजे स्लाइड, आणि प्रत्येकीखाली एक लांब आट्यांचा स्क्रू.

म्हणजे हलणारे भाग दोन जातीचे झाले. एक फिरणारे : कटर, तो ज्यावर बसतो तो आर्बर, पुली, पट्टा, गिअर. ह्यांच्यापासून माणसाला भय. दुसरे सरकणारे : स्लाइड आणि स्क्रू. ह्यांना धुळीचं आणि चिप्सचं भय. दोन भयं, म्हणून दोन तऱ्हेची कव्हरं. शेडमध्ये मात्र दोन्हीला एकच शब्द, 'कव्हर'. ह्या एका शब्दामुळं बराच घोटाळा झाला, असं मला वाटतं. "कव्हर बसवलंय की ओ" असं मालक म्हणाला की ते कशावर बसवलंय, हे विचारायचं राहून जायचं.

सायकलच्या साखळीपासून

बेळगावच्या यंत्रविद्येची सुरुवात सांगायची तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी जावं लागतं. त्यांचा जन्म १८६९ सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, रंगांतला फरक ओळखता येईना म्हणून चित्रकला सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानतात ती १८८८ सालच्या बेळगावच्या सायकल दुकानापासून. आपला किर्लोस्कर रोड त्याच नावाची आठवण. पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. मग नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली, तिथून उठावं लागलं, आणि १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे.

त्यातल्या दोन वस्तूंकडं मात्र ह्या विषयाच्या अंगानं बघा. सायकलच्या साखळीवर पत्र्याचं कव्हर असतं. ते कशासाठी? साखळी स्वच्छ राहावी म्हणून, आणि धोतर अडकू नये म्हणूनही. एकाच पत्र्यानं दोन्ही कामं. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात शिरलेलं हे बहुधा पहिलं मशीन-गार्ड. पुढं मोटरसायकली आल्या, तेव्हा मागच्या चाकाला जाळी लागली. लोक तिला साडी गार्ड म्हणतात. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत तर ती सक्तीची आहे : मागं बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं हवं.

दुसरी वस्तू कडबा कापायचं यंत्र. मोठं चाक, त्याला पाती, आणि हातानं पेंढी आत सारायची. त्या यंत्रानं शेतकऱ्याचे कष्ट वाचवले. पण पेंढी सारणारा हात आणि फिरणारं पातं ह्यांच्यामध्ये काही नसलं की काय होतं, हे आपल्या खेड्यापाड्यांत कुणाला सांगायला नको. पुढं वीज आली, मळणीयंत्रं आली, आणि हात इतके गेले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तो मुख्यतः मळणीयंत्रांसाठीच होता.

माथ्यावरचा शाफ्ट

आजच्या मशीनला आपली स्वतःची मोटर असते. पूर्वी तसं नव्हतं. शेडच्या आढ्याखाली एक लांब शाफ्ट फिरायचा, आणि त्यावरून प्रत्येक मशीनला चामड्याचा पट्टा खाली यायचा. पिठाच्या गिरणीत आपण सगळ्यांनीच तो पट्टा बघितलाय. गिरणीत एक पट्टा, तर कारखान्यात दहा-वीस. शाफ्टवर पुली पक्की करायला स्क्रू मारायचे, त्याचं डोकं वर राहायचं. फिरत्या शाफ्टवर ते डोकं दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच ते उपरण्याचं टोक पकडायचं, धोतराचा सोगा पकडायचा, आणि पुढचं काही क्षणांत व्हायचं.

विलायतेत ह्यावर १८४४ च्या कायद्यानं कुंपण घालायला लावलं. आपल्याकडं पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो लागू व्हायचा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना, म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांना वगैरे. त्यातही धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचं कलम होतं. बेळगावातल्या चार माणसांच्या दुकानाला ह्यातलं काही लागू नव्हतं.

मिलिंग मशीन तोवर जगात रुळलेलं होतं. अमेरिकेत ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउन यांनी १८६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केलं. खांबासारखा उभा कॉलम आणि त्यावर वर-खाली होणारा गुडघा, म्हणजे 'नी', ही आजच्या साध्या मिलिंगची ठेवण तिथूनची. पुढच्या काळात गिअर कॉलमच्या पोटात गेले, तेलात बुडाले, आणि त्यांना आपोआप कव्हर मिळालं. तेल सांडू नये, दात झिजू नयेत हे तर झालंच, शिवाय माणसाचा हातही तिथं पोचेना. कटर मात्र उघडाच राहिला. त्याला उघडं राहणं भागच आहे, कारण काम तिथंच होतं. मिलिंगची खरी अडचण ही.

आपल्या भागात हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ मध्ये निघाला आणि लेथ बनू लागले. १९५३ मध्ये बंगळूरला एच.एम.टी. आली, आणि तिथून मिलिंग मशीनंही बाहेर पडू लागली. नवं मशीन परवडणारी शेड थोडी. बाकीच्यांकडं सेकंड-हँड. आणि सेकंड-हँड मशीन येतं तेव्हा त्याची दोन गोष्टी बहुतेक वेळा हरवलेल्या असतात : माहितीपुस्तक आणि कव्हरं.

बिडाची काळी पूड

आता बेळगावचं खास. आपलं गाव फौंड्रीचं. इथं मिलिंगवर येतं ते बरंचसं बीड, म्हणजे कास्ट आयर्न. पोलादाचा कीस लांब, गुंडाळलेला, निळसर आणि गरम निघतो. बिडाचा तसा निघत नाही. त्याचा चुरा होतो, काळी पूड होते. शिवाय ओतीव कामाच्या वरच्या सालीत साच्याची रेती चिकटलेली असते. ती रेती, ती पूड आणि स्लाइडवरचं तेल एकत्र आलं की त्याची घासायची पेस्ट तयार होते. व्हॉल्व्ह बसवताना मुद्दाम लावतात तशीच. ती टेबलाखाली शिरते आणि टेबल सरकेल तसं गुपचूप घासत राहते.

झीजही सारखी होत नाही. बहुतेक काम टेबलाच्या मधल्या पट्ट्यात होतं, म्हणून स्लाइड मध्ये जास्त झिजते, टोकांना कमी. मग मधला ढिलेपणा काढायला जिबची पट्टी आवळली, की टेबल टोकाला जाऊन अडकतं. सैल सोडली तर मध्ये थरथरतं आणि कामावर लाटा उठतात. ह्याला इलाज एकच, स्लाइड पुन्हा स्क्रॅप करणं. निळा रंग लावायचा, जिथं टेकतं तिथं हातानं खरवडायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा खरवडायचं. चांगला स्क्रॅपर मिळणं मुश्कील, आणि तितके दिवस मशीन बंद.

म्हणून उद्यमबागेत स्लाइडचं कव्हर ही चैन नव्हती. ज्याला मशीन कर्जावर घेतलेलं होतं त्याला ते पहिल्या महिन्यातच कळायचं.

भाता कसा करायचा

आमच्या अण्णांच्या शेडमध्ये एक आडवं मिलिंग होतं. चार माणसांची शेड, त्यात अण्णा धरून. तिथं जे बघितलं त्यावरून सांगतो.

पुढच्या स्लाइडला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रबराचा पडदा. ट्रकची जुनी ट्यूब उभी कापायची, एक टोक टेबलाखालच्या सॅडलला, दुसरं कॉलमला पट्टीनं आवळायचं. मध्ये थोडी झोळ सोडायची, म्हणजे टेबल पुढं आलं तरी ताणणार नाही. दोष एक : झोळीत पूड साठते, आणि तेलानं ट्यूबचं रबर फुगतं, मऊ पडतं. पण फुकटात व्हायचं आणि सहा महिने जायचं.

त्याहून चांगला तो भाता. इंग्रजीत बेलोज. मिस्त्री भाताच म्हणायचे, कारण लोहाराचा भाता आणि पेटीचा भाता दोन्ही घरचेच शब्द. रेक्झिन किंवा जाड कॅनव्हास घ्यायचं, आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि घड्या घालायच्या. ह्यात हिशेब लागतो, तो मिस्त्री शाळेच्या वहीच्या कागदावर करायचे.

समजा घडीची एक बाजू २० मिलिमीटर. दोन बाजू मिळून ४० चं कापड. पण घडी पूर्ण ताणायची नाही, नाहीतर ती परत मिटत नाही आणि कोपऱ्यात फाटते. म्हणून उघडल्यावर एका घडीचे ३० धरायचे. मिटल्यावर कापड आणि पुठ्ठा मिळून साधारण ४ राहतात. म्हणजे एका घडीमागं २६ ची चाल मिळते. टेबल ३०० मिलिमीटर सरकणार असेल तर १२ घड्या. आणि त्या बारा घड्या मिटल्यावरही जवळजवळ ५० मिलिमीटर जागा खातात. ही शेवटची ओळ जो विसरला त्याचं टेबल दोन इंच आधीच थांबतं, आणि मग तो भाता रागानं उपटून काढला जातो.

भाता शिवायला मिस्त्री रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडं जायचे. जाड रेक्झिनमधून जाणारी सुई त्याच्याकडंच. शिवण घडीच्या डोक्यावर येऊ द्यायची नाही, नाहीतर चार दिवसांत उसवते, हे त्यालाही मिस्त्रींनीच शिकवलं. आणि पोलादाचं काम आलं की भात्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची, कारण तो गरम निळा कीस रेक्झिनवर पडला की भोक पाडतो.

पत्र्याच्या कव्हराची रीत वेगळी. आधी पुठ्ठ्याचा नमुना. तो जागेवर धरून टेबल दोन्ही टोकांपर्यंत हातानं फिरवून बघायचं, वर-खालीही. कुठं आपटत नाही असं दिसलं की मगच २० गेजचा पत्रा कापायचा. कडा दुमडायच्या, कारण न दुमडलेली कड हात कापते, आणि मग हाताला वाचवायचं कव्हरच हात कापतं. मशीनच्या बिडात नवी भोकं पाडायची नाहीत, आधीच्या आट्या शोधायच्या. भोक गोल न ठेवता लांबट ठेवायचं, म्हणजे मागं-पुढं करता येतं. आणि स्लाइडवर घासणाऱ्या कडेला तेलात भिजवलेली फेल्टची पट्टी, म्हणजे पूड पुसली जाते.

इतकं सगळं, मंडळी, मशीनच्या अंगासाठी.

आणि हातासाठी?

आडव्या मिलिंगवर कटर आर्बरवर मधोमध बसतो, आणि कामगार त्याच्या समोर हातभर अंतरावर उभा. धोका कापताना कमी असतो, तेव्हा लक्ष असतं. धोका असतो तो मधल्या वेळात. पूड साठली म्हणून हातानं झटकली. कॉटन वेस्टनं पुसायला गेलं आणि तिचा एक धागा कटरच्या दातात अडकला. धाग्यामागं वेस्ट जाते, वेस्टमागं बोट. हातमोजे घातले तर आणखी वाईट, कारण मोजा कटरनं पकडला की आतला हात सुटत नाही. म्हणून फिरत्या कटरपाशी हातमोजे नकोत, हे चांगल्या मिस्त्रीचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य आमच्या मिस्त्रींचं असायचं : "मशीन बंद कर, मग ब्रश घे. हात कशाला घालालायस रे?"

कटरवरचं गार्ड बनवणं हे भात्याहून कठीण. भाता एकदा बसला की त्याला कुणी हात लावत नाही. गार्ड मात्र दिवसातून वीस वेळा उघडावं लागतं : जॉब बांधताना, सोडताना, माप घेताना. ते अडचण करायला लागलं की पहिल्या आठवड्यात निघतं आणि भिंतीला टेकून उभं राहतं. उद्यमबागेत अशी भिंतीला टेकलेली गार्डं मी पुष्कळ बघितली. ती सगळी ऑफिसात बसून काढलेल्या ड्रॉइंगवरून झाली होती असं नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत मशीनवर उभं राहणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

टिकलेलं गार्ड कसं होतं ते सांगतो. वरच्या ओव्हर-आर्मवर एक नळी आवळलेली, त्यावर मागं उलटणारी जाळीची टोपी. एका हातानं उचलता येईल इतकी हलकी, आणि उचलल्यावर आपोआप खाली पडणार नाही अशी घट्ट. जाळीतून कटर दिसायला हवा, कारण न दिसणाऱ्या कटरवर कुणी काम करत नाही. जाळीचं भोक मोठं असेल तर ती कटरपासून लांब हवी, भोक बारीक असेल तर जवळ चालते. बोट आत शिरलं तरी दातापर्यंत पोचू नये, एवढाच हिशेब. पट्ट्याचं कव्हर मात्र उलट. ते पान्याशिवाय निघता कामा नये, कारण ते रोज उघडायचं कारणच नाही.

ह्या सगळ्याला लागणारा माल म्हणजे दोन फूट जाळी, थोडी नळी, दोन बिजागऱ्या. भात्याच्या रेक्झिनपेक्षा स्वस्त. तरीही शेडमध्ये शिरल्यावर भाता दिसायचा आणि जाळी दिसायची नाही.

कायदा कुठवर पोचला

२०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा फॅक्टरी कायदा ह्या बाबतीत स्पष्ट होता. कलम २१ म्हणायचं धोक्याच्या हलत्या भागांना भक्कम कुंपण घाला, आणि तो भाग हलत असताना ते जागेवर ठेवा. कलम २२ म्हणायचं चालू यंत्राजवळ तपासणीचं वा तेलपाण्याचं काम करायचं तर ते शिकवलेल्या माणसानं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं द्यायचे. कलम २६ त्या जुन्या वर आलेल्या स्क्रूबद्दल होतं : फिरत्या शाफ्टवरचा प्रत्येक स्क्रू, बोल्ट, चावी आत बुडवलेली किंवा झाकलेली हवी. धोतराच्या सोग्यानं गेलेल्या कितीतरी माणसांची आठवण त्या कोरड्या कलमात होती.

आपल्या सीमाभागासाठी त्यातलं आणखी एक कलम सांगण्यासारखं होतं, १०८. कारखान्यातल्या ज्या सूचना ह्या कायद्यानं लावायच्या, त्या इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असं ते सांगायचं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, साहेब बदलले, फॉर्म बदलले, पण हे कलम तेच राहिलं. जिथं शॉपमधली बहुतेक माणसं मराठी, तिथं धोक्याची पाटी मराठीत असणं ही कुणाची मेहेरबानी नव्हे. आणि जिथं बहुतेक कन्नड वा हिंदी बोलणारी, तिथं ती त्यांच्या भाषेत हवी, हेही तितकंच. बोटाला भाषा नसते, पण पाटीला असते.

मग अडलं कुठं? कारखान्याच्या व्याख्येत. वीज वापरणाऱ्या जागेत दहा किंवा जास्त कामगार असले तरच तो त्या कायद्यानं 'कारखाना' ठरायचा. उद्यमबागेतल्या कितीतरी शेडांमध्ये सहा, सात, नऊ माणसं. इन्स्पेक्टर तिथं यायचा नाही, कलम २१ तिथं शिरायचं नाही. आणि २०२० च्या नव्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतली ही मर्यादा वीजवाल्या जागेसाठी वीस केली आहे. म्हणजे लहान शेडमधल्या माणसाला वाचवणारं जे काही आहे, ते आजही मालकाची बुद्धी आणि मिस्त्रीचा हात.

दुसरा एक कायदा बोट गेल्यानंतर यायचा. १९२३ चा नुकसानभरपाईचा, तोही २०२५ पर्यंत लागू असलेला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा भाव लिहिलेला होता, म्हणजे तो गेल्यानं कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं मानायचं ते. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका वा करंगळी ७. तर्जनीचं फक्त टोक, हाड न जाता, गेलं तर ५. मायक्रोमीटर तर्जनी आणि अंगठ्यात धरून फिरवणाऱ्या माणसाची तर्जनी १४ टक्के कशी, हे आमच्या मिस्त्रींना कधी पटलं नाही.

आमच्या मामांचं तर्जनीचं दीड पेर असंच गेलं. दुसऱ्या एका शेडमध्ये, नाव सांगत नाही. आठ माणसं कामाला. गार्ड होतं, भिंतीला टेकलेलं, कारण ते काढलं की तासाला दोन जॉब जास्त निघायचे. मामांनी स्वतःहून काढलं नव्हतं, त्यांना तसं सांगितलं होतं. दवाखान्याचा खर्च मिळाला, एक पगार मिळाला, आणि "पुन्हा कामावर या की" एवढं आश्वासन. परिशिष्टाची गोष्ट कुणी काढली नाही, मामांनाही ती माहीत नव्हती. त्या मशीनचा भाता मात्र अपघातानंतरच्या आठवड्यात नवा घातला, कारण जुना भिजून खराब झाला होता. मामा हे सांगताना हसायचे. मामी उठून आत जायच्या.

खंडेनवमीचा दिवस

वर्षातून एकदा सगळी कव्हरं निघायची, ती खंडेनवमीला. आदल्या दिवशी मशीन बंद. भाते सोडवून झटकायचे, पत्रे रॉकेलनं धुवायचे, स्क्रूच्या आट्यांत साठलेली पूड खरवडायची, फेल्टच्या पट्ट्या बदलायच्या. मग झेंडूचे हार, कोहळा, नारळ. त्या दिवशी मशीन जसं आहे तसं दिसायचं. कुठं किती झिजलंय ते त्याच दिवशी कळायचं. आमच्या मिस्त्रींनी एक पद्धत पाडली होती : दुसऱ्या दिवशी कव्हरं परत बसवताना आधी कटरची जाळी, मग पट्ट्याचं कव्हर, आणि शेवटी भाता. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "भाता राहिला तर मशीन सहा महिन्यांनी रडतंय. जाळी राहिली तर आजच."

आता नव्या शेडांत सी.एन.सी. आणि व्ही.एम.सी. आलीत. सगळं मशीनच पेटीत बंद, काचेचं दार, दार उघडलं की स्पिंडल थांबतो. स्लाइडवर एकात एक सरकणारे पोलादी टेलिस्कोपिक पत्रे. मशीनचं आणि माणसाचं कव्हर त्यात एकच झालं, सायकलच्या साखळीसारखं. पण दाराच्या स्विचला तार जोडून तो फसवायची युक्तीही त्याच शेडांत पोचली आहे, हे कामावर जाणारी आपली पोरंच सांगतात. आणि जुनी साधी मिलिंगं संपलेली नाहीत. मच्छेला जा, होनग्याला जा, अजून चालताहेत.

म्हणून ज्यांच्या घरची शेड अजून चालू आहे त्यांना एक सांगणं. उद्या शेडमध्ये गेलात की भिंतीकडं बघा. गार्ड टेकून ठेवलेलं असेल तर त्या मशीनवरच्या पोराला विचारा, ते का काढलं. तो जे सांगेल त्याप्रमाणं ते कापा, वाकवा, बदला, आणि परत बसवा. पुठ्ठा, दोन फूट जाळी आणि एक दुपार लागते.

आणि बाकीच्यांना एक विनंती. मशीनवर बनवणाऱ्या कंपनीची पितळी पाटी असते, वर्ष असतं, नंबर असतो. कव्हर बनवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. तुमच्या घरात, आजोळी, शेजारी असा कुणी फिटर, मिस्त्री, पत्रा कापणारा, भाता शिवणारा होता का? त्यांनी काय बनवलं, कशाचं बनवलं, त्याला कोणता शब्द वापरायचे, ते खाली लिहा. पुठ्ठ्याचे जुने नमुने कुणाच्या माळ्यावर असतील तर फोटो टाका. मिस्त्री मंडळी आता ऐंशीच्या पुढं आहेत. विचारायचं ते आत्ताच विचारून घेऊया.